खिडकीबाहेरचे कारागीर

मध्यंतरी एका शिक्षक-शिबिरात एका बाईंनी मला साधाच प्रश्न विचारला. "फोन नवा, इंटरनेट चालू, बाकीची सगळी ॲप्स व्यवस्थित. तरी वर्षानुवर्षे वापरातले एखादे ॲप एका सकाळी अचानक बंद पडते. नादुरुस्त नेमके काय झालेले असते?" प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. पुष्कळदा नादुरुस्त काहीच झालेले नसते. ते ॲप ज्या खिडकीतून माहिती घेत असते, ती खिडकी आतून कोणीतरी बंद केलेली असते.

ही खिडकी म्हणजे काय, हे समजण्यासाठी जुनी सरकारी कचेरी डोळ्यांसमोर आणा. आत कपाटे, फायलींचे गठ्ठे आणि कारकून मंडळी. बाहेर रांग. आपल्याला कपाटाला हात लावता येत नाही. ठरलेल्या नमुन्यात अर्ज लिहून खिडकीतून आत सरकवायचा, की ठरलेल्या नमुन्यात उतारा बाहेर येतो. आतला कागद कोणत्या कपाटात आहे, याच्याशी आपल्याला कर्तव्य नसते. मात्र खिडकी उघडली, की तिच्याभोवती आपोआप एक छोटी पेठ उभी राहते. अर्ज लिहून देणारा येतो, झेरॉक्सवाला येतो, चहावाला येतो. कचेरीने यांपैकी कोणालाही नेमलेले नसते. पण यांच्यावाचून कचेरीचे काम सामान्य माणसाच्या आवाक्यात आले नसते.

संगणकाच्या जगातील अशा खिडकीला 'ॲप्लिकेशन प्रोग्रॅमिंग इंटरफेस', थोडक्यात 'एपीआय' म्हणतात. या लेखात आपण एकाच खिडकीची हकीकत पाहणार आहोत. ट्विटर या संदेशसेवेने ती २००६ मध्ये उघडली आणि २०२३ मध्ये बहुतेक सर्वांसाठी मिटली. (त्याच वर्षीच्या जुलैपासून या सेवेचे नाव 'एक्स' आहे.) मधल्या सोळा-सतरा वर्षांत बाहेरच्या कारागिरांनी त्या खिडकीभोवती जे उभे केले, त्यात भूकंप ओळखणारे एक साधनही होते.

१४० चा हिशेब

ट्विटरची सुरुवात अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे झाली. जॅक डॉर्सी यांनी पहिला संदेश २१ मार्च २००६ रोजी लिहिला आणि जुलैमध्ये ही सेवा सर्वांसाठी खुली झाली. कल्पना साधी होती. फोनवरून एक छोटा लेखी संदेश पाठवायचा आणि तो आपल्यामागे नाव नोंदवलेल्या सर्वांना मिळायचा. त्या काळी फोनवरचा लेखी संदेश म्हणजे एसएमएस. त्याची मर्यादा १६० अक्षरांची. त्यातली २० पाठवणाऱ्याच्या नावासाठी राखली, उरली १४०.

मग हे १६० कोठून आले? एसएमएसच्या एका पाकिटात १,१२० बिट मावतात. रोमन लिपीतील एका अक्षराला तेथे ७ बिट लागतात. १,१२० भागिले ७ बरोबर १६०. देवनागरीसाठी दर चिन्हाला १६ बिट लागतात, म्हणून तेच पाकीट मराठीत ७० चिन्हांत भरते. शिवाय काना, वेलांटी, हलन्त ही सर्व स्वतंत्र चिन्हे. 'विज्ञान' हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, संगणकाला मात्र तो सात चिन्हांचा असतो. विद्यार्थ्यांना हा शब्द फोडून सात घटक मोजायला सांगा. युनिकोडचा एक धडा तेवढ्यात होऊन जाईल.

आपल्या विषयासाठी यातला मुद्दा एवढाच, की जागा फार थोडी होती. छायाचित्र पाठवण्याची सोय नव्हती, जुन्या संदेशांत शोध घेता येत नव्हता, एका विषयावरचे संदेश एकत्र पाहता येत नव्हते. सेवा अपुरी होती, आणि अपुऱ्या वस्तूभोवतीच कारागीर जमतात.

खिडकीतून काय मिळे?

सप्टेंबर २००६ मध्ये ट्विटरने आपला एपीआय जाहीर केला. आता कोणीही प्रोग्रॅम लिहून ट्विटरच्या संगणकाला विचारू शकत होता, 'अमुक व्यक्तीचे शेवटचे वीस संदेश दे', किंवा सांगू शकत होता, 'माझ्या नावाने हा संदेश प्रसिद्ध कर'. उत्तरात प्रत्येक संदेशाचा मजकूर, लिहिणाऱ्याचे नाव, वेळ आणि दिलेले असल्यास ठिकाण, अशी रकानेवार माहिती मिळे. तिची सुबक मांडणी करणे हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे काम. कचेरीतल्याप्रमाणे येथेही रांगेचे नियम होते. एका तासात ठरावीक संख्येपेक्षा जास्त अर्ज स्वीकारले जात नसत, नाहीतर एकाच उतावळ्या प्रोग्रॅमने सगळी खिडकी अडवली असती.

बाहेरच्यांनी घडवलेले ट्विटर

आज ट्विटर म्हटले की ज्या गोष्टी आठवतात, त्यांतल्या किती मूळ कंपनीच्या? यादी करू लागलो की नवल वाटते.

'ट्वीट' म्हणजे चिवचिव. संदेशाला हे नाव आणि सोबत पक्ष्याचे चित्र प्रथम वापरले 'ट्विटरिफिक' या बाहेरच्या साधनाने. 'आयकॉनफॅक्टरी' नावाच्या छोट्या संस्थेने ते जानेवारी २००७ मध्ये मॅक संगणकांसाठी बाजारात आणले होते. टाइप करताना किती अक्षरे उरली हे दाखवणारा आकडाही त्यांचाच.

एखाद्या शब्दाआधी # ही खूण करून विषय सांगण्याची पद्धत क्रिस मेसिना या वापरकर्त्याने २३ ऑगस्ट २००७ रोजी सुचवली. कंपनीला ती प्रथम फारशी रुचली नाही. पण दोनच महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो परिसरात वणवे भडकले. कोठे आग पोहोचली, कोणता रस्ता बंद, ही माहिती एका खुणेखाली गोळा होऊ लागली आणि पद्धत रुळली. ट्विटरने अशा खुणांना स्वतः दुवे जोडले ते २००९ मध्ये. दुसऱ्याचा संदेश 'आरटी' ही दोन अक्षरे लावून पुढे पाठवण्याची रीतही वापरणाऱ्यांचीच. तिचे अधिकृत बटण नोव्हेंबर २००९ मध्ये आले.

शोध घेण्याची सोय 'समाइझ' या बाहेरच्या कंपनीने केली आणि जुलै २००८ मध्ये ट्विटरने ती कंपनीच विकत घेतली. लांबलचक पत्ते १४० अक्षरांत बसत नसत, म्हणून 'टायनीयूआरएल' आणि 'बिटली' या पत्ते आखूड करणाऱ्या सेवांना मागणी आली. पडदा बोटाने खाली ओढला की नवी माहिती येते, ही आता कोणत्याही फोनवर अंगवळणी पडलेली क्रिया लोरेन ब्रिक्टर यांनी प्रथम 'ट्वीटी' या ट्विटर वाचण्याच्या ॲपमध्ये आणली. २०१० मध्ये ट्विटरने तेही विकत घेऊन आपले अधिकृत ॲप केले.

एप्रिल २०१० मध्ये कंपनीनेच सांगितले, की नोंदवलेली बाहेरची साधने १ लाखाहून अधिक आहेत, खिडकीवर दिवसाला सुमारे ३ अब्ज अर्ज येतात आणि ट्विटरची सुमारे तीन-चतुर्थांश वर्दळ तिच्या स्वतःच्या संकेतस्थळाबाहेरून होते. पेठ कचेरीपेक्षा मोठी झाली होती.

बातमी कशी धावली

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला झाला. त्या रात्री आणि पुढचे दिवस ट्विटरवर मुंबईविषयीच्या संदेशांचा ओघ लागला होता. प्रत्यक्षदर्शींचे शब्द, आप्तांची चौकशी, रक्तदानाची आवाहने, आणि त्यांच्यातच मिसळलेल्या ऐकीव व खोट्या बातम्या. परदेशातील मराठी माणूसही 'मुंबई' हा शब्द शोधात घालून क्षणाक्षणाला वाचू शकत होता, तो त्या समाइझच्या यंत्रणेमुळे.

पुढे दोन महिन्यांच्या आतच, १५ जानेवारी २००९ रोजी, न्यूयॉर्कमध्ये इंजिने बंद पडलेले विमान वैमानिकाने हडसन नदीवर उतरवले. विमानातील सर्व १५५ जण वाचले. मदतीला निघालेल्या फेरीबोटीवरील एका प्रवाशाने फोनवर घेतलेले छायाचित्र काही मिनिटांतच जगभर पोहोचले. ट्विटरवर छायाचित्राची सोय तेव्हाही नव्हती. ते गेले 'ट्विटपिक' या बाहेरच्या सेवेमार्फत. छायाचित्रांची अंगभूत सोय ट्विटरने २०११ मध्ये केली, आणि नावाच्या हक्कावरून कंपनीशी वाद होऊन ट्विटपिक २०१४ मध्ये बंद झाली.

भूकंपाची चाहूल

आता या खिडकीवर रांग लावणाऱ्या शास्त्रज्ञांकडे वळू. जमीन हादरली की माणूस काय करतो? पूर्वी शेजाऱ्याला हाक मारीत असे. २००९ च्या सुमारास पुष्कळ जण आधी ट्विटरवर लिहू लागले होते. मग प्रत्येक माणूस हा एक भूकंपमापक मानला तर?

टोकियो विद्यापीठातील साकाकी, ओकाझाकी आणि मात्सुओ यांनी २०१० मध्ये हाच विचार मांडला. अडचण उघड होती. 'भूकंप' हा शब्द भूकंपावरील परिषदेला निघालेला माणूसही लिहितो. त्यांनी संदेशांची लांबी, त्यांतील शब्द आणि शब्दांचा संदर्भ यांवरून खरा अनुभव आणि नुसता उल्लेख यांची निवड करायला संगणकाला शिकवले. जपानच्या तीव्रता-मोजपट्टीवर ३ किंवा अधिक तीव्रतेचे ९६ टक्के भूकंप या पद्धतीने ओळखता आले, असा त्यांचा निष्कर्ष होता.

अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने, यूएसजीएसने, याहून सोपी युक्ती वापरली, आणि ती भूकंपमापकांच्या नोंदींसाठी आधीपासूनच वापरात होती. समजा, गेल्या तासाभरात 'भूकंप' हा शब्द असलेले संदेश मिनिटाला सरासरी २ आले. ही दीर्घ सरासरी. आता एखाद्या मिनिटात एकदम १५० आले. ही अल्प सरासरी. दोहोंचे गुणोत्तर ७५. गुणोत्तराने ठरवलेली मर्यादा ओलांडली, की घंटा वाजवायची. संशोधकांना आणखी एक गंमत दिसली. खरोखर हादरलेला माणूस फार लिहीत नाही, 'भूकंप!!' एवढेच लिहितो. म्हणून सात शब्दांहून लांब किंवा दुवा जोडलेले संदेश त्यांनी गाळून टाकले.

पाच महिन्यांच्या माहितीवर केलेल्या त्यांच्या चाचणीत ४८ भूकंप ओळखले गेले, आणि खोटी घंटा दोनदाच वाजली. त्याच काळात संस्थेच्या यादीत ५,१७५ भूकंप नोंदले होते. म्हणजे हे साधन भूकंपमापकाची जागा घेऊ शकत नाही. त्यावरून केंद्र किंवा तीव्रता नेमकी कळत नाही. पण ओळखलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के भूकंप सुरू झाल्यापासून दोन मिनिटांच्या आत कळले होते, आणि ते माणसांना जाणवलेले भूकंप होते. जेथे भूकंपमापक विरळ आहेत, तेथे ही दोन मिनिटे मोलाची ठरतात. २४ ऑगस्ट २०१४ रोजी कॅलिफोर्नियातील नापा येथील भूकंपाची सूचना या यंत्रणेने २९ सेकंदांत दिली.

वर्गात मांडण्याजोगे एक उदाहरणही आहे. २३ ऑगस्ट २०११ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात ५.८ रिश्टरच्या आसपासचा भूकंप झाला. तेथून न्यूयॉर्क सुमारे ४५० किलोमीटर. भूकंपाच्या दुय्यम लहरी सेकंदाला साधारण ३.५ किलोमीटर वेगाने जातात, म्हणजे त्यांना सुमारे १२९ सेकंद लागतील. प्रकाशतंतूतील संदेश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. त्याला लागतील दोन-सव्वादोन मिलिसेकंद. टाइप करायला वीस-तीस सेकंद धरले तरी संदेश सहज पुढे निघून जातो. त्या दिवशी न्यूयॉर्कमधील काहींनी भूकंपाची बातमी आधी वाचली आणि हादरा नंतर अनुभवला.

किल्ली की चिठ्ठी?

खुल्या खिडकीचे धोकेही होते. सुरुवातीला बाहेरचे साधन वापरायचे तर त्याला आपला पासवर्ड द्यावा लागे. हे म्हणजे दूधवाल्याला दारापर्यंत येता यावे म्हणून घराची किल्ली देण्यासारखे. यावर उपाय म्हणून २००७ मध्ये 'ओऑथ' नावाची पद्धत तयार झाली. तिच्यात पासवर्ड ट्विटरलाच दिला जातो आणि साधनाला मिळते एक परवान्याची चिठ्ठी, 'टोकन'. चिठ्ठीवर काय करायची मुभा आहे ते नोंदलेले असते, आणि मालकाला वाटेल तेव्हा ती रद्द करता येते. ऑगस्ट २०१० अखेर ट्विटरने पासवर्डची जुनी वाट बंद केली.

चिठ्ठीवर फार मोठी मुभा लिहिली गेली तर काय होते, हे फेसबुकने दाखवले. तेथे एका प्रश्नावलीच्या साधनाला ती सोडवणाऱ्यांचीच नव्हे, तर त्यांच्या मित्रांचीही माहिती मिळत होती. ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार संस्थेकडे गेली असावी, असे २०१८ मध्ये फेसबुकनेच मान्य केले. तेव्हा खिडकीला गज हवेतच, यात वाद नाही. प्रश्न गज कोण लावतो आणि कोणाला विचारून, हा आहे.

खिडकी मिटते

ट्विटरची मिळकत जाहिरातींची. बाहेरच्या ॲपमधून वाचणाऱ्याला त्या जाहिराती दिसत नसत, खिडकी चालवण्याचा खर्च मात्र कंपनीचा. त्यामुळे २०११ मध्ये कंपनीने कारागिरांना सांगितले, की आमच्यासारखीच वाचण्या-लिहिण्याची ॲप्स आता करू नका. ऑगस्ट २०१२ मध्ये अशा नव्या ॲपला १ लाख वापरकर्त्यांची मर्यादा घातली. ॲप लोकप्रिय झाले की विक्री थांबवायची, असा तो विचित्र नियम! २०१८ मध्ये संदेश आपोआप येत राहण्याची सोयही काढून घेतली.

संशोधकांची स्थिती काही काळ सुधारली. जानेवारी २०२१ मध्ये विद्यापीठीय संशोधनासाठी महिन्याला १ कोटी संदेश विनामूल्य मिळू लागले. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरना कंपनी घेतली. १२ जानेवारी २०२३ च्या रात्री, अमेरिकेतील वेळेनुसार, ट्विटरिफिक आणि ट्वीटबॉट ही जुनी ॲप्स एकाएकी चालेनाशी झाली. कारागिरांना आधी सूचना नव्हती. नियमांत तसा बदल झाला तो आठवडाभराने. ज्या साधनाने ट्विटरला पक्षी आणि चिवचिव दिली, ते असे संपले.

फेब्रुवारीत विनामूल्य खिडकी बंद करण्याची घोषणा झाली. मार्चअखेरच्या नव्या दरपत्रकात महिन्याला १०० डॉलर भरून १० हजार संदेश वाचता येत होते. १ कोटी कोठे आणि १० हजार कोठे! हजारपट फरक, तोही पैसे मोजून. अनेक संशोधन-प्रकल्प तेथेच थांबले. एप्रिलमध्ये अमेरिकेच्या हवामान खात्याच्या आपोआप निघणाऱ्या इशाऱ्यांवर मर्यादा आली. त्सुनामीचे इशारेही त्यात होते. न्यूयॉर्कच्या वाहतूक प्राधिकरणाने गाड्यांच्या सूचना ट्विटरवर देणे थांबवले. मे महिन्यात सरकारी सेवांना पुन्हा विनामूल्य मुभा मिळाली, पण तोवर धडा मिळालेला होता.

कंपनीची बाजूही ऐकून घेऊ. साठवण आणि वीज फुकट नसते, खोटी खाती चालवणारेही याच खिडकीतून येतात, आणि भाषा शिकणाऱ्या मोठ्या संगणक-प्रणालींसाठी संदेशांचे डोंगर उचलून नेले जात होते. मालमत्ता कंपनीची, तेव्हा दार लावण्याचा हक्कही तिचा. चूक झाली असेल तर ती आपल्या समजुतीत. खासगी कचेरीच्या खिडकीला आपण सार्वजनिक रस्ता समजत होतो.

खिडकी आणि रस्ता

रस्ता वेगळा असतो. ई-मेल हे त्याचे जुने उदाहरण. पत्र कसे लिहावे आणि कसे पोहोचवावे याचे नियम सर्वांसाठी जाहीर आहेत. एका कंपनीच्या खात्यावरून दुसऱ्या कंपनीच्या खात्यावर पत्र जाते. आपल्याकडचे 'यूपीआय' घ्या. एका ॲपमधून पाठवलेले पैसे दुसऱ्या ॲपमध्ये पोहोचतात, कारण सर्वांनी एकच संकेत मान्य केला आहे. छोट्या संदेशांसाठी असा संकेत, 'ॲक्टिव्हिटीपब', जानेवारी २०१८ मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने मान्य केला. 'मॅस्टोडॉन' ही सेवा त्यावर चालते. तिची हजारो केंद्रे निरनिराळ्या लोकांच्या हाती आहेत. एकाने दार लावले तर दुसऱ्याकडे जाता येते. ट्वीटबॉटच्या कर्त्यांनी पुढचे ॲप मॅस्टोडॉनसाठीच केले. रस्त्यालाही दुरुस्ती लागते आणि तिचा खर्च कोणीतरी सोसावाच लागतो, पण तो एका मालकाच्या मर्जीवर बंद होत नाही.

विज्ञानाच्या दृष्टीने यात मोठा प्रश्न आहे. प्रयोग दुसऱ्याला पुन्हा करून पाहता आला पाहिजे, ही विज्ञानाची पहिली अट. टोकियोचा प्रयोग आज कोणाला त्याच खिडकीवर ताडून पाहायचा असेल, तर आधी पैसे मोजावे लागतील. युरोपीय संघाने २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्यात मोठ्या कंपन्यांनी संशोधकांना माहिती द्यावी अशी तरतूद केली, ती यामुळेच महत्त्वाची.

वर्गात करून पाहण्यासाठी

पहिला प्रयोग सरासरीचा. शाळेबाहेरच्या रस्त्यावरचे हॉर्न दर मिनिटाला मोजून अर्धा तास नोंद करा. मग प्रत्येक मिनिटाच्या संख्येला आधीच्या दहा मिनिटांच्या सरासरीने भागा. गुणोत्तर कितीच्या पुढे गेले की 'काहीतरी घडले' म्हणायचे, हे मुलांनाच ठरवू द्या. मर्यादा खाली आणली तर खोट्या घंटा वाढतात, वर नेली तर खऱ्या घटना निसटतात. यूएसजीएसच्या शास्त्रज्ञांपुढे हाच पेच होता.

दुसरा प्रयोग शिक्षकांनी करायचा. शाळेचे कोणते काम कोणत्या ॲपवर चालते, याची यादी करा. पालकांचा गट, हजेरी, निकाल, वर्गाची छायाचित्रे. प्रत्येकापुढे तीन प्रश्न लिहा. येथील माहिती आपल्याला पूर्ण उतरवून घेता येते का? हे उद्या बंद झाले, तर आधी सूचना देण्याचे बंधन कोणावर आहे? तेच काम करण्याची दुसरी वाट कोणती? ज्या ओळीपुढे तिन्ही रकाने रिकामे राहतील, तेथील माहितीची एक प्रत याच आठवड्यात शाळेच्या कपाटात ठेवा. शिबिरातल्या त्या बाईंनाही मी हेच सांगितले.